मदत : थोडी, पण नेमाने

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांसमोर लांबच लांब रांगा लागल्या होत्या. लोक तासन् तास उभे राहिले. दुर्दैवाने जखमी होऊन वाचलेल्यांची संख्या फारच थोडी होती. गरजेपेक्षा कितीतरी अधिक रक्त गोळा झाले आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यातले बरेचसे मुदत संपली म्हणून टाकून द्यावे लागले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग असेच रस्त्याकडेला पडून राहिले. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, पण दिलेली वस्तू किंवा दिल्याची वेळ गरजेशी जुळली नाही.

आपण मराठी माणसे अशा प्रसंगी मागे राहत नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीला भूकंप झाला तेव्हा परदेशांतल्या मराठी मंडळींनीही मदत गोळा केली. प्रश्न उरतो तो संकट नसलेल्या दिवसांचा. त्या दिवसांतही रुग्णालयांत शस्त्रक्रिया होतात, कुणाच्या तरी घरी महिनाअखेरीस धान्य संपते आणि कुणी तरी एकटे आजारी असते. अशा गरजांना एकदम दिलेल्या मोठ्या मदतीपेक्षा नेमाने दिलेली थोडी मदत अधिक उपयोगी पडते. नोकरी, मुलांचे क्लासेस आणि घरकाम सांभाळून आपल्याला काय करता येईल, ते या लेखात पाहू.

१. रक्तदान

रक्त कारखान्यात तयार होत नाही आणि फार दिवस साठवताही येत नाही. लाल पेशी ४२ दिवस टिकतात, तर कर्करोगाच्या रुग्णांना वरचेवर लागणाऱ्या प्लेटलेट्स जेमतेम पाच ते सात दिवस. म्हणून उन्हाळी सुटीत आणि नाताळच्या आसपास, म्हणजे नेहमीचे दाते गावाला गेलेले असतात तेव्हा, रक्तपेढ्यांना टंचाई भासते.

अमेरिकेत दर ५६ दिवसांनी रक्त देता येते. वजन किमान ११० पौंड हवे. हिमोग्लोबिन स्त्रियांचे १२.५ आणि पुरुषांचे १३ हवे. सगळे मिळून तासाभराचे काम असते, त्यात प्रत्यक्ष रक्त काढायला दहा मिनिटे पुरतात. आपल्याकडे विचारल्या जाणाऱ्या काही शंका अशा :

*मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे.* दोन्ही आटोक्यात असतील तर सहसा अडचण येत नाही.

*हिमोग्लोबिन कमी भरते.* शाकाहारी स्त्रियांत हे बरेचदा आढळते. कडधान्ये, पालेभाज्या यांवर लिंबू पिळून घ्यावे, त्याने लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणाबरोबर घेऊ नये, तासाभराने घ्यावा. एवढ्यानेही फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तदान राहिले तरी चालेल, पण अॅनिमियाकडे दुर्लक्ष करू नये.

*नुकतेच भारतात जाऊन आलो.* आपले सर्वांत जास्त लोक इथे अडतात. मलेरिया असलेल्या प्रदेशात प्रवास केल्यास पूर्वी एक वर्ष थांबावे लागे, २०२० साली ही मुदत तीन महिन्यांवर आणली गेली. मात्र जो भारतातल्या अशा भागात पाच वर्षांहून अधिक काळ राहिला आहे आणि इकडे नवीन आला आहे, त्याला तीन वर्षे थांबण्याचा नियम लागतो. नियम बदलत असतात आणि तुम्ही कोणत्या भागात गेला होता तेही विचारले जाते, तेव्हा आधी रक्तपेढीला फोन करावा. यावर एक साधी युक्ती आहे : भारताचे तिकीट काढतानाच, जाण्याच्या महिनाभर आधीची एक तारीख रक्तदानासाठी ठरवून टाकावी.

*पूर्वी इंग्लंडमध्ये राहत होतो.* १९८० ते १९९६ या काळात तिथे राहिलेल्यांना 'मॅड काऊ' रोगाच्या भीतीने अमेरिकेत रक्तदानाची बंदी होती. आपल्यातल्या काही डॉक्टर मंडळींना त्यामुळे वर्षानुवर्षे परत पाठवले गेले. २०२२ मध्ये ही अट काढून टाकली आहे, तेव्हा पुन्हा जायला हरकत नाही.

आपल्या रक्ताला इथे विशेष महत्त्व आहे. 'बी' गट आपल्यात बराच आढळतो, तर गोऱ्या अमेरिकन लोकांत तो साधारण दहात एकाचा असतो. याहून दुर्मिळ असा 'बॉम्बे' रक्तगट १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच ओळखला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्तसुद्धा चालत नाही, त्याच गटाचे लागते. नातेवाइकांत कुणाचा हा गट असल्याचे ठाऊक असेल तर आपलीही तपासणी करून घ्यावी आणि रक्तपेढीत तशी नोंद करावी.

२. अस्थिमज्जा नोंदणी

हा भाग तुमच्या १८ वर्षांवरील मुलामुलींना अवश्य वाचून दाखवा.

रक्ताच्या कर्करोगात आणि थॅलेसेमियासारख्या काही आजारांत दुसऱ्याच्या मूळ पेशी देणे हा बरे होण्याचा एक मार्ग असतो. त्यासाठी एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या आईवडिलांकडून येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. भावंड जुळले नाही तर नोंदणीतला अनोळखी दाता शोधावा लागतो आणि तो बहुधा आपल्याच वंशाचा निघतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदणीने (एनएमडीपी) दिलेल्या आकड्यांनुसार पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता गोऱ्या रुग्णाला सुमारे ७९ टक्के, तर आशियाई रुग्णाला सुमारे ४७ टक्के असते. अर्धवट जुळणाऱ्या दात्याच्या पेशी वापरण्याचे उपचार आता पुष्कळ सुधारले आहेत, तरीही हा फरक गंभीर आहे. आपली माणसे नोंदणीत कमी असणे हे त्याचे एक मोठे कारण आहे, आणि तेवढे कारण आपण दूर करू शकतो.

नोंदणी १८ ते ४० या वयात मोफत होते. घरी येणाऱ्या काडीने गालाची आतली बाजू पुसून पाकीट परत पाठवायचे असते. मणक्यात सुई खुपसतात हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा दात्याला पाच दिवस एक इंजेक्शन देतात आणि मग प्लेटलेट्स घेतात तशा यंत्राने दंडातून पेशी घेतात. त्या दिवसांत अंग दुखते, ते नंतर थांबते. थोड्या वेळा कमरेच्या हाडातून मज्जा काढावी लागते. तेव्हा भूल देतात आणि नंतर काही दिवस कंबर दुखते. दात्याला खर्च करावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. मन तयार नसेल तर नोंदणी करू नये. जुळणारा दाता सापडल्याचे रुग्णाच्या घरी कळावे आणि मग त्या दात्याने नाही म्हणावे, यासारखे दुःख नाही. नोंदणी केली असेल तर घर किंवा फोन बदलला की लगेच कळवावे. पत्ता न लागणारा दाता यादीत असून नसल्यासारखाच.

३. पैसा

पहिली गोष्ट म्हणजे नोकरीतले 'मॅचिंग'. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात. महिन्याला ५० डॉलर दिले तर वर्षाचे ६०० होतात, कंपनीचे धरून १२००. अर्ज भरायला काही मिनिटे लागतात, तरी कितीतरी लोक तो भरत नाहीत. काही कंपन्या स्वयंसेवेच्या तासांसाठीही संस्थेला पैसे देतात. आपल्या कंपनीची मुदत आणि मर्यादा एकदा विचारून घ्यावी.

दुसरी गोष्ट कराची. २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, जे स्टँडर्ड डिडक्शन घेतात त्यांनाही २०२६ च्या करवर्षापासून रोख देणगीवर वजावट मिळते : एकट्याला १००० डॉलरपर्यंत आणि पतिपत्नींच्या एकत्र रिटर्नला २००० पर्यंत. जे आयटेमाइझ करतात त्यांना उत्पन्नाच्या (एजीआय) अर्ध्या टक्क्याच्या वरची देणगीच धरता येते. म्हणजे दीड लाख डॉलर उत्पन्न असल्यास पहिले ७५० डॉलर वजावटीत येत नाहीत. २५० डॉलर किंवा अधिक रकमेची लेखी पावती संस्थेकडून घ्यावीच. वर्षाहून अधिक काळ ठेवलेले आणि किंमत वाढलेले शेअर्स असतील, तर ते विकून पैसे देण्यापेक्षा शेअर्सच द्यावेत. त्यात वाढीवरचा कर वाचतो.

तिसरी गोष्ट भारतातल्या संस्थांची. थेट भारतात पाठवलेल्या देणगीवर अमेरिकेत साधारणतः वजावट मिळत नाही, त्यासाठी ती अमेरिकेत नोंदलेल्या ५०१(सी)(३) संस्थेमार्फत जावी लागते. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्था हेच काम करतात. शिवाय तुम्ही अमेरिकन नागरिक असाल तर तुमची देणगी भारतात 'परदेशी देणगी' ठरते. ती घेण्यासाठी त्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी ठरत नाही. गावच्या शाळेला उत्साहाने पैसे पाठवण्याआधी ही विचारपूस जरूर करावी, नाहीतर त्रास त्या शाळेलाच होतो.

चौथी गोष्ट फूड बँकेची. घरातले डबे नेऊन देणे चांगलेच, पण त्या घाऊक भावाने खरेदी करत असल्यामुळे रोख डॉलरमध्ये अधिक अन्न येते. थँक्सगिव्हिंगला तिथे हात भरपूर असतात. शाळेतले जेवण बंद होते त्या जून-जुलैत जाऊन पाहावे.

४. वेळ

हिशोबाची आवड असलेल्यांसाठी आयआरएसचा 'व्हिटा' हा उपक्रम आहे. यात कमी उत्पन्नाच्या लोकांचे कराचे फॉर्म स्वयंसेवक विनामूल्य भरून देतात. शिक्षण मोफत मिळते आणि परीक्षा पास व्हावी लागते. एच-४ सारख्या व्हिसावर असलेल्यांनी स्वयंसेवेचे काम निवडताना ते खरोखर बिनपगारी आहे आणि एरवीही स्वयंसेवकच करतात, याची खात्री करावी.

आणि आपल्या मंडळातले काय? कुणाचे ऑपरेशन झाले की पहिल्या आठवड्यात फ्रिजमध्ये जागा उरत नाही इतके डबे येतात. तिसऱ्या आठवड्यात मात्र कुणी फिरकत नाही, आणि खरी थकण्याची वेळ तीच असते. म्हणून डबा न्यायचा असेल तर तिसऱ्या आठवड्यातला एक वार आधीच मागून घ्यावा. कोलोनॉस्कोपीसारख्या तपासणीनंतर भूल दिलेल्या माणसाला गाडी चालवता येत नाही, सोबत कुणी मोठे माणूस असल्याशिवाय घरी सोडतही नाहीत. एकट्या राहणाऱ्यांची तपासणी एवढ्याचसाठी लांबते. "मी येतो न्यायला" या तीन शब्दांनी एखाद्याचा कर्करोग वेळेत सापडू शकतो.

वर्षाचे वेळापत्रक

१. जानेवारी : महिन्याची देणगी बँकेतून आपोआप जाईल अशी व्यवस्था करणे. कंपनीच्या मॅचिंगची चौकशी.
२. फेब्रुवारी ते एप्रिल : व्हिटा. (शिकवणी सहसा त्याआधीच होते.)
३. भारतात जाण्याआधी महिनाभर : रक्तदान.
४. जून-जुलै : फूड बँकेत एक शनिवार, मुलांसह.
५. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाल्यावर : घरी नीट बोलून अस्थिमज्जा नोंदणी.
६. नोव्हेंबर : मॅचिंगचे अर्ज आणि पावत्या पूर्ण करणे.

यातले सगळे एका घराने करावे असे नाही. एकच ओळ निवडा, पण ती दरवर्षी पाळा. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण जाणतोच, फक्त थेंब थांबता कामा नयेत.

(वरील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रकृतीविषयी आपल्या डॉक्टरांचा आणि कराविषयी आपल्या सीपीएचा सल्ला घ्यावा.)