हिरवी खूण पाहून स्टेशन गाठू नका

सौसरजवळ बोरगावच्या औद्योगिक परिसरात एका कारखान्यात मी लोकांच्या प्रवासाचं काम पाहतो. विमान धरायचं तर नागपूर, दिल्लीकडची गाडी धरायची तर नागपूर नाहीतर पांढुर्णा. पूर्वी एजंटला फोन केला की झालं. आता कंपनीच्या प्रवास पोर्टलवर अर्ज, साहेबांची मंजुरी, मग तिकीट.

गेल्या हिवाळ्यात आमचा एक सहकारी दिल्लीला निघाला. पोर्टलवर त्याच्या नावापुढे हिरवी खूण होती. पांढुर्ण्याला तो डब्यात चढला आणि टीसीने हातातल्या टॅबवर पाहून सांगितलं, यादीत तुमचं नाव नाही. तिकीट वेटिंगचं होतं. चार्ट लागताना नंबर लागला नाही, की वेटिंगचं ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि ते घेऊन चढणारा विनातिकीट ठरतो. दंड भरून तो कडाक्याच्या थंडीत आमल्याला उतरला.

असं का होतं, ते समजून घ्या. पोर्टल स्वतः तिकीट काढत नाही. ते तिकीट एजन्सीच्या सर्व्हरला विचारतं, तो आयआरसीटीसीला आणि आयआरसीटीसी रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेला. तिथून दहा आकडी पीएनआर येतो, पोर्टल तो नोंदवून हिरवी खूण करतं. पुढे रेल्वेकडे जे बदलतं, ते पोर्टलने पुन्हा विचारलं तरच कळतं. आमचं पोर्टल विचारतच नव्हतं! आणि रद्द झाल्याचा एसएमएस गेला एजन्सीच्या नंबरवर, कारण तिकिटावर मोबाइल तिचाच होता.

आपल्या भागात हे जास्त जपावं लागतं. चार्टची वेळ सहसा गाडी जिथून सुटते तिथल्या वेळेवरून ठरते. अनेक वर्षं तो 4 तास आधी लागे, 2025 मध्ये रेल्वेने तो आणखी बराच आधी लावायचं ठरवलं. चेन्नईहून आलेली गाडी पांढुर्ण्याला पोचते, तोवर वेटिंगवाल्याचा निकाल कधीच लागलेला असतो. म्हणून घर सोडण्याआधी 139 वर पीएनआर तपासा. आरएसी असेल तर खुशाल चढा, नुसतं वेटिंग राहिलं असेल तर नको.

जीएसटीतही पोर्टलवर विसंबू नका. आमच्या कंपनीचा नंबर मध्य प्रदेशचा, म्हणजे 23 ने सुरू होणारा. एसी रेल्वे किंवा विमानाच्या तिकिटावर तो बुकिंगच्या वेळीच घातला, तर कराचं क्रेडिट मागता येतं. पुण्याच्या हॉटेलचं तसं नाही. तिथे महाराष्ट्राचा कर लागतो आणि मध्य प्रदेशच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही, पोर्टलने रक्कम क्रेडिटच्या रकान्यात दाखवली तरीही.

तुमच्या कंपनीत नवं पोर्टल येत असेल, तर करारावर सही होण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या: तिकिटावर प्रवाशाचाच मोबाइल नंबर जाईल आणि चार्ट लागल्यावर पीएनआर पुन्हा तपासला जाईल.