अभ्यास : नकाशातली बाग



रविवारची मिस्सा संपल्यावर आपली मुले खेळायला कुठे जातात? केबिन रोडवरील कित्येक घरांचे उत्तर एकच असेल: जिन्यात, नाही तर उभ्या केलेल्या दुचाकींच्या मधल्या जागेत. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत पाच लाख वीस हजार होती. २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. माणसे आली, इमारती आल्या, सावली मागे राहिली. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. म्हणजे चाळीतल्या एका खोलीएवढी. तेवढीसुद्धा आपल्या वाट्याला येते का, हे ज्याने त्याने खिडकीतून पाहावे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात नेमके ह्यावर बोट ठेवले. शहरात हिरव्या जागा काही भागांत जपल्या जातात. समाजाने दूर लोटलेली माणसे राहतात तिथे मात्र त्या क्वचितच आढळतात, असे त्यांचे म्हणणे.

"पण फादर, जागाच कुठे आहे?" असे आपण म्हणाल. धारावी बस डेपोसमोर, मिठी नदीच्या काठी, एके काळी मुंबईचा कचरा टाकला जात असे. १९७७ मध्ये ते थांबले. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली ह्यांनी तिथे पहिले रोप लावले आणि २२ एप्रिल १९९४ रोजी सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान सुरू झाले. मधे अकरा वर्षे गेली. आपल्याला मात्र एका पर्यावरण दिनात सगळे आटोपायचे असते.

आम्हीही त्यातलेच. एका पावसाळ्यात आम्ही रस्त्याकडेला रोपे लावली, फोटो काढले. मे महिन्यात टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या असलेल्या आयाबहिणींना "झाडांनाही घाला" असे सांगायला जीभ रेटेना. रोपे वाळली. पाणी कुठले आणि घालणार कोण, हे आम्ही आधी ठरवलेच नव्हते. खाडीकाठच्या खारट मातीत करंज किंवा भेंडीचे झाड तग धरते, हेही नंतर कळले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कागदावरची. शहराच्या विकास आराखड्यात बागा व मैदाने यांसाठी भूखंड आरक्षित असतात. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार, अशी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीच्या मुदतीतही पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपते. मालकाचाही हक्क आहे, त्याला दोष देऊ नये. पण संत थॉमस आक्विनस सांगतात की मालकी एकाची असली तरी वस्तूचा उपयोग सर्वांच्या गरजेचा विचार करून व्हावा. तो विचार नगरपालिकेने मुदतीत करायचा असतो, आणि आपण विचारले तर तो आठवतो.

म्हणून पहिले काम कुदळीचे नाही. महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडून आपल्या परिसराच्या आराखड्याची प्रत मागवायची आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. नकाशा वाचता येणारे कोणी, सिव्हिलचे विद्यार्थी असले तरी चालतील, त्यांनी मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत भेटावे. कुठला हिरवा चौकोन अजून मोकळा आहे आणि कुठल्यावर पत्र्याचे कुंपण पडले आहे, हे मग पायी फिरून पाहू.