‘रात्सोन’ आणि ‘मर्जी’ : कब्बालातील आद्य ईश्वरी संकल्पाचा शब्दविचार

इ. स. १८८७ मध्ये पुणे येथे ‘इद्रा झुटा’ हा ज्यू गूढवादी ग्रंथ मूळ अरामी पाठ आणि हिब्रू लिपीतील अरबी भाषांतर यांसह छापला गेला. प्रकाशक अब्राहम डेव्हिड एझिकेल हे पुण्यातील बगदादी ज्यू असून थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. गुह्य विद्या लोकभाषेत उघड केली म्हणून ज्यू धर्माचार्यांनी या प्रकाशनास विरोध केला. भाषांतर बगदादी समाजाच्या अरबीत होते; मराठीभाषक बेने इस्रायलांसाठी ते नव्हते. त्यामुळे या ग्रंथातील एक मध्यवर्ती पद मराठीत कसे आणावे, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला नाही. ते पद म्हणजे ‘रात्सोन’, ईश्वराचा आद्य संकल्प.

कब्बालाच्या मते परमतत्त्व ‘एन सोफ’, म्हणजे अंतरहित आहे. त्यापासून दहा ‘सफिरोत’ प्रकटतात. त्यांतील पहिली ‘केतेर’, अर्थात मुकुट. तेराव्या शतकातील गेरोना येथील अझ्रिएल आदी विचारवंतांनी या केतेराचे संकल्पाशी ऐक्य मानले. येथूनच वाद उद्भवतो. संकल्प परमतत्त्वाहून अभिन्न मानला, तर सृष्टी अपरिहार्य ठरते. भिन्न मानला, तर ज्या क्षणी तो उद्भवला त्या क्षणी परमतत्त्वात बदल झाला असे म्हणावे लागते. सोळाव्या शतकात साफेद येथील मोशे कोर्दोव्हेरो (१५२२–१५७०) यांनी केतेर हे परमतत्त्व नव्हे, त्याचे प्रथम प्रकटीकरण होय, असे प्रतिपादिले.

भारतीय अभ्यासकास हा पेच अपरिचित नाही. आप्तकाम ब्रह्माला सृष्टीचे प्रयोजन कोणते, हा आक्षेप ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात येतो आणि त्याचे समाधान लीलेच्या कल्पनेने केले जाते. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तील चिद्विलासात तर संकल्प करणारा आणि संकल्प यांत अंतरच उरत नाही. कब्बाला मात्र ते सूक्ष्म अंतर राखते. म्हणूनच ‘रात्सोना’साठी ‘इच्छा’ हा शब्द अपुरा पडतो; इच्छेत उणीव गृहीत असते, आणि एन सोफला काही उणे नाही.

‘इद्रा झुटा’त या पदाची दुसरी बाजू दिसते. मृत्यूपूर्वी शिष्यांना केलेल्या अखेरच्या प्रवचनात शिमोन बार योहाई ‘पवित्र पुरातना’च्या मुखाचे वर्णन करतात. त्याच्या ललाटाचे नावच ‘संकल्प’ आहे. ते ललाट प्रकटले म्हणजे सर्व कठोर न्याय शांत होतो आणि प्रार्थना स्वीकारल्या जातात. येथे केवळ ‘संकल्प’ म्हणून भागत नाही. ‘प्रसन्नता’ हाही अर्थ अभिप्रेत आहे. हिब्रू पदात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

मराठीत असा शब्द आहे काय? हिब्रू ‘रात्सोन’, त्याचे अरामी रूप ‘रअवा’ आणि अरबी ‘रिदा’ ही एकाच सेमिटिक धातूची रूपे होत. त्याच धातूपासून सिद्ध झालेले ‘रजा’, ‘राजी’ आणि ‘मर्जी’ हे शब्द फारसीच्या द्वारे मराठीत रुळले. ‘देवाची मर्जी’ म्हणताना संकल्प अभिप्रेत असतो, तर ‘मर्जीतला माणूस’ म्हणताना प्रसन्नता. ‘मर्जी खप्पा झाली’ की तीच प्रसन्नता ओसरते. लखनौच्या मर्सिया-परंपरेत या शब्दकुळाचे गांभीर्य अधिक प्रकट होते. मीर अनीस (मृत्यू १८७४) यांच्या रचनांत करबलेचा वीर रणात जाण्यापूर्वी इमामांची रजा मागतो. ही रजा अनुज्ञाही आहे आणि ईश्वरी इच्छेचा स्वीकारही.

‘मर्जी’ला लहरीपणाची छटा आहे, हे नाकारता येत नाही, दरबारी व्यवहारातून ती आली आहे. म्हणून केतेरच्या तत्त्वविवेचनात ‘आद्य संकल्प’ हे पद स्वीकारणे इष्ट. परंतु ललाटाच्या वर्णनात ‘मर्जी’ टाळली, तर न्यायाला शांत करणारी करुणा भाषांतरातून निसटेल. परक्या वाटणाऱ्या या संकल्पनेचा सगोत्र शब्द मराठीच्या नित्य व्यवहारात पूर्वीपासूनच आहे. तो ओळखणे हे तौलनिक अभ्यासाचे काम होय.