खांदा, गज आणि कॉम्प्युटर



आपल्या कार्यक्रमात कुणी व्हायोलिन वाजवले, पेटी-तबल्याची साथ केली की आपण मनापासून दाद देतो. ती दाद असते बोटांना आणि सुरेल कानाला. ज्या खांद्याच्या आधाराने तो हात तासन् तास चालतो, त्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. म्हणून यंदाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही हाच विषय घेतला: तीच ती हालचाल हजारो वेळा केल्याने वादकाच्या खांद्यावर किती ताण येतो, आणि तो कॉम्प्युटरवर कसा काढतात?

प्रश्न किरकोळ नाही. अमेरिकेतल्या ४८ सिम्फनी ऑर्केस्ट्रांमधल्या वादकांची एक मोठी पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. २,२१२ वादकांनी उत्तरे दिली. त्यातल्या ७६ टक्के लोकांनी वाजवण्यावर गंभीर परिणाम करणारी निदान एक तरी आरोग्याची तक्रार सांगितली. सगळ्याच तक्रारी खांद्याच्या नव्हत्या, पण तंतुवाद्यवाल्यांमध्ये मान, पाठ आणि खांदा हे नेहमीचे धनी!

आधी थोडे गणित

खांद्याचा सांधा म्हणजे छोट्या टीवर ठेवलेला गोल्फचा चेंडू. खळगा उथळ, चेंडू मोठा. म्हणून हात सगळीकडे फिरतो, पण चेंडू जागेवर धरून ठेवायचे काम स्नायूंना करावे लागते. आत चार स्नायूंचा गट असतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. वरून डेल्टॉइड हा जाड स्नायू हात उचलतो.

आता बघा. ७० किलो वजनाच्या माणसाचा एक हात साधारण ३.५ किलोचा असतो. हात बाजूला आडवा, सरळ धरला तर त्याचा भार खांद्यापासून जवळजवळ ३० सेंटिमीटरवर पडतो. उचलणाऱ्या स्नायूची तरफ मात्र जेमतेम ३ सेंटिमीटरची. म्हणजे स्नायूला दहापट जोर लावावा लागतो, सुमारे ३५ किलोचा. हातात काहीही नसताना! हात ९० अंशांवरून ३० अंशांपर्यंत खाली आणला, तर हेच ओझे निम्म्यावर येते. कोपर वाकवले तरी कमी होते.

पाश्चात्त्य पद्धतीने उभ्याने व्हायोलिन वाजवताना सर्वांत खालच्या सुराच्या तारेवर गज फिरवायचा तर उजवे कोपर सर्वांत वर न्यावे लागते. सेकंदाला गजाचे दोन फटके धरले तर तासाला ७,२०० होतात. डावा हात तर वाद्याखाली अधांतरी धरलेलाच असतो. एक फटका कुणाला दुखवत नाही, पण विश्रांतीशिवाय झालेले हजारो फटके दुखवू शकतात.

कॉम्प्युटर काय करतो?

पहिली पायरी, हालचाल टिपणे. वादकाच्या अंगावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात आणि बाजूचे कॅमेरे त्यांची जागा क्षणाक्षणाला नोंदवतात. सिनेमातली कॉम्प्युटरची पात्रे हलवतात, तसेच हे तंत्र.

दुसरी पायरी, कॉम्प्युटरमधला सांगाडा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या हाताच्या एका नावाजलेल्या मॉडेलमध्ये १५ प्रकारच्या हालचाली आणि स्नायूंचे ५० भाग आहेत. स्नायू किती वेगाला किती जोर देतो, याचा पाया ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून घातला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेले 'ओपनसिम' हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते, आणि डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठातून 'एनीबॉडी' आले.

तिसरी पायरी सर्वांत अवघड. एकच हालचाल करायला अनेक स्नायू हजर असतात. मग कोणी किती ओढले? शाळेतल्या भाषेत सांगायचे तर समीकरणे कमी आणि अज्ञात जास्त. अशा वेळी कॉम्प्युटर असे धरतो की शरीर काम वाटून घेते आणि एकूण श्रम कमीत कमी ठेवते. त्यावरून प्रत्येक स्नायूचा वाटा निघतो.

चौथी पायरी थकव्याची. २००८ साली मांडलेल्या एका मॉडेलमध्ये स्नायूचे तीन हिस्से धरले आहेत: काम करणारा, विश्रांती घेणारा आणि थकलेला. वाजवत राहिले की तिसरा हिस्सा फुगत जातो, थांबले की हळूहळू ओसरतो.

विश्वास किती ठेवायचा?

बर्लिनमध्ये काही रुग्णांच्या कृत्रिम खांद्यात मोजमापाची यंत्रणा बसवून सांध्यावरचा खरा जोर मोजला गेला. २००७ पासून प्रसिद्ध झालेल्या या आकड्यांशी मॉडेल ताडून बघता येते. तरी मर्यादा आहेतच. पाठीवरचे फऱ्याचे हाड कातडीखाली सरकते, त्यामुळे वरून ते नीट टिपता येत नाही. शिवाय मॉडेल जोर सांगते, वेदना सांगत नाही. भीती, झोप, जुनी दुखापत, उद्याच्या कार्यक्रमाची काळजी, यांचा रकाना त्यात नसतो.

मॉडेलचा खरा उपयोग तुलनेसाठी होतो. खुर्ची दोन इंच वर घेतली तर? कोपर थोडे खाली ठेवले तर? आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचे टोक पायावर टेकवून वाजवतात, तेव्हा वाद्याचा भार पायावर जातो आणि डाव्या खांद्याचे गणितच बदलते. हे सगळे कुणालाही न दुखवता आधी पडद्यावर बघता येते.

घरी काय करावे?

मुलांचा रियाज सलग दोन तास न ठेवता मधे मधे थांबवावा. कार्यक्रम जवळ आला म्हणून सराव एकदम दुप्पट करू नये. वाद्य आणि बैठक मुलाच्या मापाची हवी. दुखणे रात्री झोपू देत नसेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा जोर कमी पडत असेल, तर "होईल बरे" म्हणत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

आपल्यापैकी बहुतेकांना आठवडाभर थांबणे परवडते. पगार चालू असतो, विमा असतो. गावोगावी ढोलकी, पेटी, संबळ वाजवून पोट भरणाऱ्या कलावंताला तो आठवडा परवडत नाही. एक सुपारी नाकारली तर पुढची दुसऱ्याकडे जाते, म्हणून तो दुखरा खांदा घेऊनच बसतो. त्याला महागड्या कॅमेऱ्यांची प्रयोगशाळा नको आहे. वेळेवर तपासणी, चार व्यायाम दाखवणारा फिजिओथेरपिस्ट आणि थोड्या दिवसांच्या विश्रांतीपुरते पैसे, एवढे झाले तरी कितीतरी हात चालू राहतील.

मंडळी, आपण देणगीदार म्हणून ही पुस्तिका हातात घेतली आहे, तेव्हा एवढेच सांगणे. पुढच्या वेळी साथीदाराला टाळ्या द्याल, तेव्हा कार्यक्रमानंतर त्याला "खांदा कसा आहे?" असेही जरूर विचारा. आणि उत्तर ऐकायला दोन मिनिटे थांबा.