मधुमेह, कमजोर हृदय आणि रक्तवाहिन्या

आरोग्य पाठ



मधुमेह हा बसून खाणाऱ्या जाड माणसांचा आजार, असा आपला समज असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, असे त्यात दिसले. म्हणून हिंगोली जिल्ह्यात शेतमजुरी करणाऱ्या काटक आंध बांधवालाही मधुमेह होऊ शकतो. वयाच्या तिशीनंतर उपकेंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

रक्तवाहिनीत काय घडते?

रक्तवाहिनीला आतून पेशींचे एकाच थराचे नाजूक अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. त्याने वाहिनी सैल होते आणि रक्त सहज वाहते. या शोधासाठी १९९८ साली तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

साखर सतत वाढलेली राहिली की हे अस्तर बिघडते आणि वाहिन्या ताठर होतात. मग हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. ते थकले की त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात. याचा अर्थ हृदय बंद पडले असा नव्हे. पंप कमजोर झाला, एवढाच. परंतु पंप कमजोर झाला की रक्ताचा ओघ मंदावतो आणि अस्तर आणखी बिघडते. असे हे दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासात मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचे प्रमाण दुपटीहून अधिक, तर स्त्रियांत पाचपट आढळले होते.

ही लक्षणे ओळखा

१. पायांवर सूज, चालताना दम लागणे, रात्री उशी उंच घ्यावी लागणे.
२. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढणे. हे अंगात पाणी साठल्याचे लक्षण आहे.
३. पाय बधिर होणे, जखम न भरणे. अनवाणी शेतात जाऊ नये. रोज रात्री तळवे पाहावेत.

काय टाळावे?

तंबाखू, मिश्री, विडी. लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या. त्यांतील बऱ्याच गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात. डॉक्टरांना दोन्ही आजार सांगावेत, कारण मधुमेहाचे पायोग्लिटाझोन हे औषध कमजोर हृदयाला चालत नाही. उलट डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे दोन्ही आजारांत उपयोगी ठरली आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

खरी अडचण

दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. गावातली गोळी तिथे मिळत नाही, किंवा "आता बरं वाटतंय" म्हणून बंद होते. सूज पुन्हा येते ती तिथेच, फडावर. म्हणून निघण्यापूर्वी आशाताईंना भेटून पुढच्या औषधांची सोय करावी आणि औषधांची चिठ्ठी सोबत ठेवावी.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या ओळखीत औषध मध्येच सोडलेले कोण आहे? त्यांच्या घरी कोण जाईल?
२. वस्तीसाठी एक वजनकाटा आणि गरजूंसाठी चपला आपण देऊ शकतो का?
३. या हंगामात स्थलांतर करणाऱ्या रुग्णांची यादी कोण करील?