बहाव्याचे बी

गेल्या वर्षी मी बहाव्याच्या १० बिया डब्यात पेरल्या. महिनाभर पाणी घातले, पण एकही उगवली नाही. उकरून पाहिले तर बिया होत्या तशाच! आजी म्हणाली, "अगं, कवच टणक आहे, पाणी आत शिरेल कसं?"

यंदा वाळलेली शेंग फोडली. आत कप्पे, काळा चिकट गर आणि कप्प्यात एकेक बी. बिया धुतल्या. प्रत्येक बी दगडावर एका बाजूने घासली, आतला फिकट भाग दिसेपर्यंतच. जास्त घासली तर कोंब दुखावतो. रात्रभर पाण्यात ठेवल्यावर ८ टम्म फुगल्या. राहिलेल्या दोन पुन्हा घासल्या. डब्याच्या बुडाला भोके हवीतच.

सहा रोपे आली. एक शेळीने खाल्ले. पाचांना आता काटेरी कुंपण केले आहे. पिवळे घोस लागतील तेव्हा मी हायस्कुलात असेन.