गोल नगीना : घडण आणि पारख

अंगठीच्या खड्याचे घाट मुख्यतः दोन. एक पैलूंचा, दुसरा गोलाईचा. हिरा, पुखराज पारदर्शक असतात; पैलूंमुळे आत गेलेला प्रकाश परत फिरतो आणि खडा चमकतो. अकीक, पिरोजा, पोवळे यांत ही गोष्ट साधत नाही. म्हणून त्यांचा तळ सपाट आणि माथा घुमटासारखा घासतात. यालाच कॅबोशॉन म्हणतात.

गोलाईचे दुसरे कारण टिकाऊपणा. धुळीत गारेचे कण असतात, त्यांचा कठीणपणा 7. पिरोजाचा 5 ते 6, म्हणून त्यावर ओरखडे पडतात. पैलूच्या कडा लवकर झिजतात. घुमटाला कडच नसते. लसण्याची रेघ आणि माणकातील तारा हेही घुमटावरच उमटतात.

अकीक आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार होतो. भडोच जिल्ह्यातील रतनपूरचा अकीक खंभातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घडवीत आले. कच्चा दगड उन्हात वाळवून मंद आचेवर भाजला की त्यातील लोहामुळे तो लाल होतो. ही जुनी कारागिरी आहे, फसवणूक नव्हे. मात्र काच किंवा रंगवलेला दगड अस्सल म्हणून विकणे ही फसवणूकच.

घेताना खडा शक्यतो सुटा पाहावा. बंद कोंदणात तळ, जाडी आणि खाली घातलेला चमकी पत्रा दिसत नाही. भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले तर काच समजावी. बाजूने पाहिले की दोन थर चिकटवलेला खडा ओळखू येतो. पिरोजा सच्छिद्र असतो. तेल, अत्तर लागले की हिरवट पडतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

कारागिरांनी छल्ल्याची आतली कडही गोल घासावी. बोटाला टोचत नाही. अंगठी फार घट्ट करू नये. वुजूचे पाणी तिच्याखाली पोचले पाहिजे.

आम्ही कापडवाले थानाची आतली घडीही उलगडून दाखवतो, कारण डाग तिथेच लपतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. बंद कोंदण हाही एक ढीगच. तळाशी काय आहे ते विकणाऱ्याने स्वतः सांगावे. नफा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाईक टिकेल आणि कमाईत बरकत राहील.